पुढे बसलेल्यानं सांगायचं

"समोर ट्रॅक्टर आहे हो," आई म्हणाली. "लाकडं लादलीत. एका बाजूनं चांगली हातभर बाहेर आलीत."

बाबांनी क्लच दाबला, गिअर मधे आणला, पुन्हा क्लच दाबला आणि खालचा गिअर टाकला. जीप एकदा खोकली आणि ट्रॅक्टरच्या मागून निमूटपणे चालू लागली.

"आता मोकळं आहे. समोरून कुणी नाही. घ्या पुढे."

बाबांनी घेतली पुढे.

"डावीकडे सायकलवाला. म्हातारा आहे बिचारा, डुलतोय. जरा लांबून घ्या. आणि ते कुत्रं बघा, कुत्रं आडवं येतंय... आलं, आलं, गेलं. गेलं बाई एकदाचं."

मागच्या बाकावर बसलेल्या धाकट्यानं कपाळाला हात लावला. सकाळी घर सोडल्यापासून हे असं चाललं होतं. शेजारी त्याची मुलगी, कॅनव्हासच्या हुडाला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. एरवी तीही काही कमी नव्हती. दुसरीत असलेल्या या पोरीच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं आणि म्हणूनच आजोबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. "कुणी यायच्या आधी ओरडते," असं ते कौतुकानं सांगायचे.

आईच्या तोंडाचा पट्टा ही घरातली जुनी थट्टा होती. चार नातेवाईक जमले की धाकट्याची बहीण मांडीवर ताट घेऊन त्याचं स्टिअरिंग करायची आणि आईच्या आवाजात सुरू करायची, "समोर हवा आहे हो, जपून!" लोक हसून हसून बेजार व्हायचे. आईही पदर तोंडाला लावून हसायची. बाबा तेवढे हसत नसत. म्हणायचे, "माझा रेडिओ आहे तो. चालू राहू दे."

त्या बहिणीकडेच आता ते निघाले होते, डोंगरापलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. धाकट्याची स्वतःची चांगली, गार हवा देणारी गाडी दारात उभी होती. पण बाबांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "त्या डब्यात बसून जायचं म्हणजे पार्सल होऊन जायचं," ते म्हणाले. "मी जीपनं जाणार. तुम्हाला यायचं तर या."

जीप सैन्यानं मोडीत काढलेली. धाकट्याच्या जन्माआधी बाबांनी ती आणली होती आणि इतक्या वर्षांत इंजिनापासून हुडापर्यंत तिचा एकेक अवयव स्वतःच्या हातानं बदलला होता. काच दोन तुकड्यांची, वायपर हातानं फिरवायचा, दुसरा गिअर आपल्या लहरीनं निसटायचा. रस्तेबांधणीवर ओव्हरसियर म्हणून बाबांनी सगळी नोकरी हिच्यातच काढली. आता रोज सकाळी ते टिटवीला तिच्यातूनच शाळेत सोडायचे. आईही रोज सोबत जायची. एका चिमुरडीला पोचवायला दोघं कशाला, असं धाकट्याची बायको एकदा म्हणाली होती. आई म्हणाली, "मला तेवढंच फिरणं." यावर कोण काय बोलणार?

हायवेनं जायलाही बाबा तयार नव्हते. "हायवे मला ओळखत नाही, मी हायवेला ओळखत नाही. जुन्या घाटानं जाऊ. त्या रस्त्याची खडी मी उभं राहून टाकून घेतलीय. डोळे मिटून नेईन."

धाकट्यानं हात टेकले. चाळिशी उलटली, कानांवर केस पिकले, तरी घरात तो धाकटाच होता. बाहेर मात्र त्याच्या शब्दाला वजन होतं. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासायचं त्याचं काम. दोरखंडाची एक तार उसवलेली दिसली तरी तो लिफ्टला टाळं ठोकायचा, मग मालक कितीही आदळआपट करो. 'आजवर चालली म्हणजे उद्या चालेल असं नाही,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावरून त्याचे सहकारी त्याला चिडवायचे.

घाट सुरू होण्याआधी एका टपरीवर ते चहाला थांबले. उतरल्यावर धाकट्यानं सवयीनं गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचं डावं मडगार्ड चेपलेलं होतं.

"हे कधी झालं, बाबा?"

"ते? झालं मागे. फाटकाच्या खांबाला लागलं."

बोलताना बाबांनी मान जरा तिरपी केली. ही त्यांची अलीकडची सवय. समोरच्याकडे सरळ न बघता कोपऱ्यातून बघायचं. बायको म्हणायची, मामंजींना माझा राग आहे की काय? धाकटा म्हणायचा, ओव्हरसियर होते ते, जगावर देखरेख करायची खोड आहे.

चहा आला. कप हातात घेताना बाबांनी अंगठा काठावरून आत घातला आणि चटका बसताच काढून घेतला.

"बोट काय घालताय, बाबा!"

"गरम आहे का बघतोय."

"वाफ निघतेय की चांगली."

"वाफेचं काय, वाफ सगळेच काढतात," बाबा म्हणाले आणि आईकडे तोंड करून हसले. आई हसली नाही. ती कंबर धरून उभी होती. पुढची सीट म्हणजे पत्र्यावर ठोकलेली गादी, तिच्यावर बसून बसून तिची पाठ धरली होती.

धाकट्याला ते बघवेना. शिवाय कान किटले होते, तेही खरंच होतं.

"आई, आता तू मागे बस. पाय लांब करून आडवी हो. पुढे मी बसतो."

"नको रे. मी ठीक आहे."

"ठीक कसली? आणि बाबांनाही जरा शांतपणे चालवू दे. घाट आहे. तुझ्या बोलण्यानं त्यांचं लक्ष उडतं."

"लक्ष नाही उडत त्यांचं."

"आई, गेल्या थंडीत पंधरा दिवस तू तापानं अंथरुणात होतीस. तेव्हा चालवलीच ना त्यांनी गाडी? टिटवीला रोज वेळेवर शाळेत सोडलं. काय बिघडलं तुझ्यावाचून?"

आईनं तोंड उघडलं. मग तिनं टिटवीकडे पाहिलं. टिटवी नुकतीच उठून बिस्कीट चहात बुडवत होती आणि ते कपात पडू नये म्हणून श्वास रोखून बसली होती. आईनं तोंड मिटलं.

"बरं," ती म्हणाली. "पण मग तू बोल. पुढे बसशील तर त्यांच्याशी बोलत राहा."

"हो, हो. बोलतो."

"काय काय येतंय ते सांगत राहा."

"आई!" धाकटा हसला. "घराण्याची परंपरा मी काही बुडवत नाही. चल, चढ."

बाबांनी कपातला उरलेला चहा हळूहळू जमिनीवर ओतला.

घाट सुरू झाला. पुढे बसल्यावर धाकट्याला बरं वाटलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि खाली दूरवर पसरलेली दरी. बाबा कठड्याच्या अंदाजानं जीप वळवत होते. वळण दिसायच्या आधीच गिअर खाली यायचा, हात आपोआप फिरायचे. माणसाचा हात बसलेला असला की काय असतं, ते त्या गाडी चालवण्यात होतं. धाकट्याला लहानपणी वाटायचा तसा अभिमान वाटला.

मागून आई काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत.

"काय म्हणतेय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. तिला चैन पडत नाहीये."

थोड्या वेळानं आईचा हात मागून त्याच्या खांद्यावर आला. "बोलतोयस ना रे?"

"आई, झोप तू! मी आहे पुढे. मला दिसतंय सगळं."

हात मागे गेला. बाबा जरा पुढे वाकून चालवत होते. वेगही कमी झाला होता, पण घाटच तो.

"तू गप्प गप्प का?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला शांतता मिळावी म्हणून."

"हं," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. उन्हाचा घाम, धाकट्याला वाटलं.

एका वळणानंतर रस्ता सरळ झाला आणि लांबवर रस्त्याच्या मधोमध काहीतरी लाल दिसलं. पुढे मोरीचं काम चाललं असावं. ड्रम उभे केले होते, दगडांची रांग होती आणि एक बाई लाल निशाण धरून उभी होती. धाकट्यानं ते बघितलं. बाबांनीही बघितलं असणारच. बहिणीला कळवावं म्हणून त्यानं मोबाइल काढला, 'अर्धा घाट चढलो, आई मागे, कान सुखात' एवढं लिहिलं आणि वर पाहिलं.

निशाण जवळ आलं होतं. बाई ते दोन्ही हातांनी हलवत होती. जीपचा वेग होता तेवढाच होता.

अजून थांबवत कसे नाहीत, असं त्याच्या मनात आलं. थांबवतील. आता थांबवतील.

बाईनं ओरडायला तोंड उघडलेलं त्याला दिसलं. तिच्या कपाळावरची धूळ दिसली.

"बाबा! माणूस! बाबा, समोर माणूस आहे!"

बाबांनी दोन्ही पाय ठेवून ब्रेक दाबला. जीप खडीवर घसरली. बाई निशाण टाकून बाजूला फेकली गेल्यासारखी उडाली. एक ड्रम बॉनेटवर आपटून गडगडत गेला, दगड चाकांखाली कडाकडा वाजले, मागे टिटवी किंचाळली आणि जीप एका कडेला कलून थांबली. पुढचं डावं चाक खणलेल्या मोरीवर अधांतरी फिरत होतं. खाली कामगारांचे चेहरे होते, वर वळलेले.

सगळेच एकदम बोलायला लागले.

धाकटा खाली उतरला. टिटवीला आजीनं छातीशी धरलं होतं. तिला काही झालं नव्हतं. निशाणवाल्या बाईच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी ती धडधाकट होती आणि तिचा राग तर त्याहून धडधाकट होता. ती तरातरा येऊन बाबांपुढे उभी राहिली.

"डोळे फुटले का तुझे? एवढं लाल फडकं धरून उभी आहे, दिसत नाही? आंधळा आहेस का?"

बाबांनी हात जोडले. "चुकलं, बाई. लागलं का तुम्हाला?"

ते हे अगदी कळवळून म्हणाले. पण म्हणताना ते त्या बाईकडे बघत नव्हते. तिच्या शेजारच्या ड्रमवर कुणीतरी कोट टाकला होता. बाबा त्या कोटाकडे बघून हात जोडत होते.

बाईचा आवाज मधेच थांबला. तिनं कोटाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि मग धाकट्याकडे पाहिलं. तिनं पडलेलं निशाण उचललं आणि ती बाजूला झाली.

धाकट्याच्या पायाखालची जमीन सरकली. हे वाक्य त्यानं आयुष्यात कितीतरी वेळा वापरलं असेल, पण ते असं असतं हे त्याला आज कळलं. त्यानं पाण्याची बाटली घेतली, बाबांसमोर जाऊन उभा राहिला आणि बाटली त्यांच्या छातीसमोर धरली. बोलला नाही.

बाबांनी बाटली घेतली नाही. ते सरळ त्याच्याकडे, म्हणजे त्याच्यामधून आरपार बघत राहिले. मग त्यांनी मान तिरपी केली, बाटली त्यांना कोपऱ्यातून सापडली आणि तिच्यावर त्यांचा हात आला.

"किती दिसतं?" धाकट्यानं विचारलं.

कामगार जीपला लाकडाचे ओंडके लावत होते. बाबा कठड्यापाशी गेले, हातानं चाचपून बसले.

"कडा दिसतात," ते म्हणाले. "झाडं, कठडे, रस्त्याच्या बाजू. सरळ बघितलं की मधोमध राखेचा गोळा. जिकडे बघावं तिकडे तोच. तेव्हा कडेकडेनं जगतोय झालं."

"डॉक्टर?"

"झाला. दात दाखवायला जातो म्हणून सांगून गेलो होतो. मागचा पडदा गेला म्हणाला, त्याला काही इलाज नाही."

"आणि गाडी? गाडीबद्दल काय म्हणाला?"

"चालवू नका म्हणाला. त्याला म्हणायला काय जातं?"

"बाबा!" धाकटा ओरडला. कामगार वळून बघायला लागले, तसा त्यानं आवाज दाबला. "अहो, माझी पोर असते त्या गाडीत. रोज. माझी पोर!"

"ओरडू नकोस. तुझी आई असते ना शेजारी? तिची अखंड टकळी चालू असते. तिच्या बोलण्यावर मी डोळस माणसापेक्षा सरळ चालवतो. देवानं तिला तोंड दिलंय, माझी सोय केलीय." बाबांनी बाटली दोन्ही हातांत घट्ट धरली. "तिला यातलं काही माहीत नाही. तू सांगू नकोस. घाबरून जाईल ती."

"का, बाबा? का केलंत हे?"

"किल्ली खिळ्याला टांगली की माणूसही टांगला जातो रे," बाबा म्हणाले. "मी भ्यालो."

धाकट्याला भयंकर राग आला होता आणि त्या रागाला धरायला जागा नव्हती. गुन्हेगार म्हणून ज्याची मानगूट पकडावी तो म्हातारा बाप पाय हलवत कठड्यावर बसला होता. धाकटा तसाच वळला आणि आईकडे गेला. आई रस्त्याच्या कडेला उभी राहून टिटवीचं तोंड धूत होती. त्यानं पोरीला कामगारांची गंमत बघायला पाठवलं.

"आई, बाबांना दिसत नाही."

"हो," आई म्हणाली.

इतकं साधं, जणू तो चहाला साखर नाही म्हणाला होता.

"तुला माहीत होतं?"

"एकदा नाक्यावर लाल दिवा होता आणि हे सरळ निघाले. मी ओरडले. गाडी थांबवून म्हणाले, बरं झालं बोललीस. एवढंच. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बोलत राहिले. बडबड काय, आधीही करतच होते, तेव्हा कुणाला वेगळं वाटलं नाही. तुम्ही पोरं हसायचात, ते बरंच झालं."

"आई, थांबवायचं ना त्यांना!"

"थांबवून काय झालं असतं? गाडी अंगणात गंजली असती आणि हे खाटेवर. मी बोलायचे, ते चालवायचे. दोघं मिळून एक ड्रायव्हर होतो आम्ही, चांगला होतो." ओला रुमाल तिनं पिळला, पुन्हा पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं. "आज तू मला मागे बसवलंस. मी म्हटलं, असू दे. माणूस पुढे बसलाय, तरणा आहे, डोळे आहेत. समोर काही आलं तर सांगेल की. तू सांगितलंच नाहीस रे."

निशाण त्याला लांबून दिसलं होतं. चांगलं स्वच्छ दिसलं होतं.

"रोज असायचीस ना तू?" त्यानं विचारलं. "टिटवीला सोडताना. एकही दिवस चुकवला नाहीस ना?"

"असायचे की," आई म्हणाली आणि रुमाल झटकायला वळली.

काहीतरी त्याच्या मनात खुटखुटलं. पण तेवढ्यात कामगारांनी हाकारा केला आणि सगळ्यांनी मिळून जीप उचलून रस्त्यावर ठेवली. चाक वाकलं नव्हतं. निशाणवाल्या बाईनं त्यांना कडेची कच्ची वाट दाखवली. जाताना तिनं बाबांचा हात धरून त्यांना मागच्या बाजूला चढवलं, जणू त्या हातानंच मघाशी ती त्यांचं थोबाड फोडायला आली नव्हती.

बाबांनी किल्ली न मागता दिली होती.

कॉलेजात असताना याच जीपवर बाबांनी धाकट्याला गाडी शिकवली होती. दोनदा क्लच दाबायचं तंत्र पायाला अजून आठवत होतं, हाताला नव्हतं. जीप दोन-तीन हिसके देऊन निघाली. मागे समोरासमोरच्या बाकांवर आई आणि बाबा बसले होते. जन्मभर या गाडीत ती दोघं शेजारी बसली होती, एकमेकांसमोर आज प्रथमच. दोघंही बाहेर बघत होती. पुढे टिटवी होती. मी बसणार पुढे, म्हणून तिनं हट्टच धरला होता. नाही म्हणायचं त्राण धाकट्यात नव्हतं.

घाटमाथा जवळ आला. ऊन उतरलं होतं. आपण सगळे जिवंत आहोत, एवढाच विचार तो करत होता. ड्रम, दगड, बाईचा उघडलेला जबडा पुन्हा पुन्हा समोर येत होते. पण निदान आता झालं ते झालं. सगळं उघड झालं, किल्ली आपल्याकडे आहे. पोचल्यावर बहिणीला सांगू. शाळेची बस लावू.

"समोर खड्डा आहे," टिटवी म्हणाली. "मोठ्ठा. पाण्याचा."

त्यानं खड्डा चुकवला.

"आता मोकळं आहे. समोरून ट्रक येतोय, लांब आहे अजून. डावीकडे दोन बायका, डोक्यावर गवत. जरा लांबून घे."

एरवी तो हसला असता. आता त्याला आईची नक्कल ऐकवेना.

"पुरे गं, राणी. मला दिसतंय."

"दिसलं तरी सांगायचं असतं," टिटवी शहाण्यासारखी म्हणाली. "पुढे बसलेल्यानं सांगायचं. पुढे बसून गप्प राहायचं नाही."

"हा कुठला नियम?"

"आजीचा. तिला ताप आला होता ना, तेव्हा तिनं शिकवला. म्हणाली, आता तुझी पाळी. मग शाळेत जाताना रोज मीच सांगायचे आजोबांना. लाल दिवा, हिरवा दिवा, रस्ता ओलांडणारी माणसं, सगळं." ती सीटवर गुडघे टेकून पुढे वाकली होती, काचेला नाक लावून. "मी एकदाच चुकले. एका बाईच्या पिशवीत मांजराचं पिल्लू होतं, ते बघत राहिले. तेव्हा तो हातगाडीवाला आला. त्याला नाही काही लागलं, बाबा. गाडीलाच लागलं. ते पुढचं चेपलंय ना, ते तेव्हाच. आजोबा म्हणाले, तुझी चूक नाही. पण मी सांगितलंच नव्हतं ना."

धाकट्याचे हात चाकावर तसेच राहिले. त्या पंधरवड्यातली रोजची सकाळ त्याला दिसली. तो फाटकात उभा राहून हात हलवायचा. पोर पुढच्या सीटवर गुडघे टेकून, काचेला नाक लावून बसलेली असायची. मागे वळून कधी हात हलवायची नाही. लिफ्टच्या तारा तपासायला निघालेल्या बापाला वाटायचं, पोरीला गाडीची काय हौस आहे!

त्यानं आरशात पाहिलं. इंजिनाचा आवाज होता, पण टिटवीचा आवाज त्याच्यावर मात करणाराच होता. आईनं डोळे मिटून घेतले होते. बाबांनी मान तिरपी केली होती, अगदी पुरती, खांद्याला हनुवटी लागेल एवढी. समोर बसलेल्या आईचा चेहरा ते कोपऱ्यातून, निरखून निरखून बघत होते.

आरशातली दोघं पुसट झाली. काचही पुसट झाली. धाकट्यानं हातानं वायपर फिरवला. पाऊस नव्हताच.

"बाबा, वळण आलं," टिटवी म्हणाली. "बाबा? तू बघत नाहीयेस."

दुसरा गिअर निसटला. त्यानं चाचपून तो परत टाकला आणि वेग कमी केला.

"सांग," तो म्हणाला. "कुठल्या बाजूला?"